विश्लेषण : मनगटावरच्या घड्याळाला तुमचा ताण खरेच कळतो का?

शेवटच्या षटकात १४ धावा हव्या आहेत. सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या हातातला चहा कधीचाच गार झाला आहे. तेवढ्यात मनगटावरचे स्मार्टवॉच थरथरते : ‘तुमचा ताण वाढलेला दिसतो. एक मिनिट दीर्घ श्वास घ्यायचा का?’ सामना जिंकतो, माणूस खूश होऊन झोपतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गृहकर्जाचा हप्ता थकल्याचा बँकेचा फोन येतो. तो ठेवून हाच माणूस अर्धा तास खुर्चीत सुन्न बसून राहतो. घड्याळ त्या अर्ध्या तासापुढे निळा पट्टा काढते : ‘विश्रांती’.

प्रसंग कल्पित आहेत, पण स्मार्टवॉच वापरणाऱ्यांना ते ओळखीचे वाटतील. ‘स्ट्रेस स्कोअर’ आता दीड-दोन हजारांच्या बँडपासून लाखाच्या घरातल्या घड्याळापर्यंत सगळीकडे मिळतो. बहुतेक ठिकाणी ० ते १०० मधला एक आकडा आणि त्याला साजेसा रंग. लोक तो गांभीर्याने घेतात. कुणी त्याचा स्क्रीनशॉट डॉक्टरांना दाखवतो, कुणी त्यावरून सुट्टी टाकायची की नाही ते ठरवतो. त्यामुळे हा आकडा येतो कुठून, हे नीट समजून घ्यायला हवे. ते समजले की लक्षात येते, की घड्याळातले सेन्सर बऱ्यापैकी प्रामाणिक आहेत. गडबड आहे ती त्यांनी मोजलेल्या गोष्टीला ‘ताण’ हे नाव देण्यात.

लायडनच्या विद्यार्थ्यांनी काय सांगितले?

नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठात आयको फ्रीड यांच्या संशोधन गटाने सुमारे ८०० विद्यार्थ्यांच्या मनगटावर तीन महिने गार्मिन कंपनीचे ‘व्हिवोस्मार्ट ४’ हे बँड बांधले. बँड आपले काम करत होता. सोबत विद्यार्थ्यांना फोनवर दिवसातून चार वेळा छोटी प्रश्नावली येई : आत्ता किती ताण वाटतो आहे, किती थकवा आहे, झोप कशी झाली. नंतर दोन्ही नोंदी शेजारी ठेवून पाहण्यात आल्या. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष घड्याळ कंपन्यांना रुचण्यासारखा नव्हता. विद्यार्थ्यांनी स्वतः सांगितलेला ताण आणि बँडने दाखवलेला ताण यांचा संबंध जवळपास शून्य निघाला. थकव्याच्या बाबतीत तो थोडाफार होता. झोपेच्या बाबतीत मात्र बँड बराच बरा ठरला.

ही बातमी तेव्हा ‘घड्याळे खोटी’ अशा मथळ्यांखाली फिरली. पण त्यात एक मेख आहे. माणसाला जाणवणारा ताण आणि शरीरात घडणारी उलथापालथ यांचा मेळ प्रयोगशाळेतही अनेकदा बसत नाही. तिथे तर स्वस्त बँडचा प्रश्नच नसतो, लाळेतले कॉर्टिसोल थेट तपासले जाते. अशा प्रयोगांचा २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक आढावा सांगतो, की ‘मला ताण वाटला’ हे उत्तर आणि कॉर्टिसोलची वाढ यांच्यात लक्षणीय संबंध जेमतेम २५ टक्के अभ्यासांत सापडला. म्हणजे दोष सेन्सरचा आहेच, पण तेवढ्यावर थांबून चालणार नाही. मुळात एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी ढकलल्या गेल्या आहेत.

हा घोळ जुना आहे. हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये ‘नेचर’मध्ये एक छोटे टिपण लिहिले. उंदरांना थंडीत ठेवा, जखम करा, अतिश्रम करायला लावा किंवा एखादे घातक द्रव्य टोचा. शरीरातले बदल साधारण सारखेच होतात, असे त्यांचे निरीक्षण होते. अ‍ॅड्रिनल ग्रंथी फुगतात, थायमस आक्रसते, पोटात व्रण पडतात. यातूनच पुढे ‘स्ट्रेस’ हा शब्द वैद्यकात आणि मग घराघरांत रुळला. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना यातली गंमत लगेच कळेल. सळईवर दर चौरस मिलिमीटरला पडणारा जोर म्हणजे स्ट्रेस, आणि त्यामुळे सळई जितकी ताणली जाते तो स्ट्रेन. सेल्ये मोजत होते तो स्ट्रेन. आपले इंग्रजी अधिक चांगले असते तर आपण ‘स्ट्रेन’ हाच शब्द वापरला असता, असे ते स्वतःच पुढे म्हणत. मनगटावरचे घड्याळही स्ट्रेनच मोजते. स्ट्रेनवरून स्ट्रेस काढायचा तर ती सळई कशाची आहे, पोलादाची की अ‍ॅल्युमिनियमची, हे आधी ठाऊक असावे लागते. माणसांच्या बाबतीत असा तक्ता कोणत्याही हँडबुकात छापलेला नाही. मराठीत तर दोन्हींना ‘ताण’च म्हणून आपण मोकळे होतो.

हिरवा दिवा नेमके काय बघतो?

घड्याळ उलटे करून पाहिले तर मागे हिरवा दिवा लुकलुकताना दिसतो. रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषून घेते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी मनगटातल्या बारीक वाहिन्यांत रक्ताची लाट येते, प्रकाश जास्त शोषला जातो आणि शेजारच्या सेन्सरवर परत येणारा उजेड किंचित मंदावतो. लाट ओसरली की उजेड पुन्हा वाढतो. या चढउतारावरून ठोके मोजता येतात. या पद्धतीला फोटोप्लेथिस्मोग्राफी, थोडक्यात पीपीजी, म्हणतात.

पण ताणाचा आकडा निव्वळ ठोक्यांच्या गतीवरून निघत नाही. तो मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या अंतराच्या कमी-जास्तपणावरून, म्हणजे ‘हार्ट रेट व्हेरिएबिलिटी’ किंवा एचआरव्हीवरून काढला जातो. मिनिटाला ६० ठोके पडणारे हृदय घड्याळाच्या काट्यासारखे दर १००० मिलिसेकंदांनी वाजत नाही. निरोगी, निवांत माणसात ही अंतरे सतत हलती असतात. श्वास आत घेताना ठोके किंचित जवळ येतात, सोडताना लांबतात. हे काम व्हेगस नावाच्या मज्जातंतूचे, म्हणजेच शरीराला शांत करणाऱ्या परानुकंपी चेतासंस्थेचे. धोका दिसला की तिचा लगाम सुटतो, ‘लढा किंवा पळा’ म्हणणारी अनुकंपी चेतासंस्था पुढे येते, हृदय वेगाने आणि अधिक एकसुरी धडधडू लागते. एचआरव्ही घसरते. घड्याळ म्हणते : ताण वाढला.

एचआरव्ही मोजण्याचे सर्वात रूढ गणित साधे आहे. समजा, लागोपाठच्या ठोक्यांमधली अंतरे ९८०, १०३०, ९६० आणि १०१० मिलिसेकंद आहेत. शेजारच्या आकड्यांतले फरक ५०, ७० आणि ५०. त्यांचे वर्ग करून सरासरी काढली आणि वर्गमूळ घेतले की उत्तर येते सुमारे ५७ मिलिसेकंद. आता याच नोंदीत हात हलल्यामुळे एक ठोका घड्याळाने १०० मिलिसेकंद आधीच धरला असे माना. अंतरे होतील ९८०, १०३०, ८६० आणि १११०. पुन्हा तेच गणित केले की उत्तर १७७ येते. एका ठोक्याच्या एक दशांश सेकंदाच्या चुकीने आकडा तिप्पट! आणि गंमत अशी, की एचआरव्ही वाढली म्हणजे ताण कमी झाला, असा त्याचा अर्थ लावला जाईल.

कंपन्यांना हे अर्थातच ठाऊक आहे. म्हणून हालचाल जाणवली की अनेक घड्याळे ताण मोजणे थांबवतात आणि त्या वेळेपुरती जागा रिकामी ठेवतात किंवा ‘सक्रिय’ असे लिहितात. तांत्रिकदृष्ट्या हे योग्यच. पण त्याचा परिणाम काय होतो? सकाळी ८ वाजून ४० मिनिटांच्या विरार लोकलमध्ये एका हाताने कडी धरून लोंबकळणाऱ्या माणसाच्या दिवसातला सर्वात ताणाचा तास नोंदीतूनच गळतो. घाईघाईने जिने चढणे, रस्त्यावरचे भांडण, रडणाऱ्या मुलाला कडेवर घेऊन केलेल्या येरझाऱ्या, सगळे गळते. उरते ते खुर्चीतले आणि अंथरुणातले आयुष्य.

त्यात बॅटरीचा प्रश्न. ईसीजीवरून एचआरव्ही काढायची तर सेकंदाला किमान २५० नमुने घ्यावेत, अशी युरोपीय आणि अमेरिकी हृदयतज्ज्ञांच्या संघटनांची १९९६ पासूनची शिफारस आहे. सेकंदाला २५ नमुने घेणाऱ्या सेन्सरमध्ये दोन नमुन्यांतले अंतरच ४० मिलिसेकंद होते. अनेक प्रौढांची एचआरव्ही मुळात तेवढीच असते! मधल्या जागा सॉफ्टवेअर अंदाजाने भरते. हा अंदाज चांगल्या उपकरणात, रात्री शांत झोपेत, बराच बरोबर येतो. दिवसा, सैल पट्टा आणि घामट मनगट असताना त्याची खात्री कोण देणार? अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये वेगवेगळी मनगटी उपकरणे तपासली, तेव्हा साध्या हृदयगतीतली चूकसुद्धा विश्रांतीपेक्षा हालचालीत सरासरी ३० टक्क्यांनी जास्त आढळली. एचआरव्हीचे गणित त्याहून कितीतरी नाजूक आहे.

आणि समजा, मोजमाप अगदी बिनचूक झाले. तरीही एचआरव्ही घसरण्याची कारणे मोजायला बसले तर यादी संपत नाही : कडक कॉफी, आदल्या रात्रीची दारू, अपुरी झोप, जडसे जेवण, येऊ घातलेला ताप, मासिक पाळीच्या चक्राचा उत्तरार्ध, वाढते वय. आणि हो, शेवटच्या षटकातल्या १४ धावा. आनंदाची धडधड आणि भीतीची धडधड यांत हिरव्या दिव्याला फरक करता येत नाही. खेळाची धडधड शरीराला हलकी नसते, हे खरेच आहे. २००६ च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनीच्या सामन्यांच्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयविकाराच्या तातडीच्या घटना एरवीच्या २.६६ पट झाल्याचे ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधील अभ्यासात नोंदले आहे. पण सामना पाहणाऱ्याला ‘तुम्ही तणावग्रस्त आहात’ असे सांगितले तर तो हसेलच.

उलट बाजू अधिक गंभीर आहे. सगळाच ताण शरीराला उसळवत नाही. दीर्घकाळच्या विवंचनेत, नैराश्यात माणूस अनेकदा मंदावतो, बसून राहतो, पडून राहतो. अशा माणसाच्या मनगटावर ‘सर्व ठीक’चा रंग उमटण्याची शक्यता असते आणि ‘घड्याळ तर म्हणते ठीक आहे’ हे वाक्य घरातली माणसेही ऐकवू शकतात. खोट्या इशाऱ्याने फार तर चिडचीड होते. खोटा दिलासा त्याहून महाग पडतो.

घामाची साक्ष

हृदयाखेरीज दुसरा साक्षीदार आहे घाम. १८८८ मध्ये फ्रान्समध्ये शार्ल फेरे यांनी आणि १८९० मध्ये रशियन शास्त्रज्ञ इवान तारखानोव्ह यांनी दाखवून दिले, की भावना उचंबळल्या की त्वचेचे विद्युत गुणधर्म बदलतात. तळहात आणि तळपाय येथे घर्मग्रंथी दाटीने असतात. त्यांच्यावर अनुकंपी चेतासंस्थेचाच ताबा असतो, परानुकंपीची ढवळाढवळ नाही. त्यामुळे संकेत तुलनेने निर्भेळ मिळतो. काही दचकवणारे घडले की एक ते पाच सेकंदांत त्वचेची विद्युतवाहकता वाढते. हे मायक्रोसीमेन्समध्ये मोजतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कार्ल युंग यांनी शब्दांना मनात कोणती प्रतिक्रिया उमटते हे पाहण्यासाठी हेच तंत्र वापरले. ‘फिटबिट सेन्स’ने २०२० मध्ये ते मनगटावर आणले. त्यात घड्याळावर तळवा टेकवून बसावे लागे. दोन वर्षांनी आलेल्या पुढच्या आवृत्तीत ते दिवसभर आपोआप मोजू लागले.

अडचण मनगटाची आहे. तळहाताला जो घाम भावनेने फुटतो, तो मनगटाला बराचसा उकाड्याने फुटतो. ऑक्टोबर हीटमध्ये दादरच्या पुलावर उभ्या असलेल्या आणि कार्यालयात एसीखाली बसलेल्या माणसाच्या नोंदी एकाच मापाने वाचणे म्हणजे पावसाळ्यात भिंतीला हात लावून नळ गळतो का ते ठरवण्यासारखे आहे. तापमानाचा सेन्सर जोडून हा परिणाम वजा करण्याचा प्रयत्न होतो, पण कोकणपट्टीच्या दमट हवेत तो कितपत पुरेसा आहे, हे विकत घेणाऱ्याला पेटीवर कुठेही वाचायला मिळत नाही.

घामाच्या याच साक्षीवर लाय डिटेक्टर उभा आहे. १९२१ पासून अमेरिकी पोलिसांनी रक्तदाब, श्वास आणि पुढे त्वचेची वाहकता एकत्र नोंदवून ‘खोटे’ पकडण्याचा घाट घातला. यंत्र पकडत होते ती खळबळ. खरे बोलणारा घाबरट माणूसही त्यात अडकू शकतो. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या खटल्यात ५ मे २०१० रोजी निकाल दिला, की संमतीविना अशी चाचणी करणे घटनाबाह्य आहे. म्हणजे पोलीस कोठडीतल्या आरोपीला त्याच्या घामाबाबत जे संरक्षण मिळाले, ते ‘वेलनेस’च्या नावाखाली बँड बांधणाऱ्या कर्मचाऱ्याला मिळेल का, हा पुढे येऊ घातलेला प्रश्न आहे.

९३ टक्के अचूकतेचे गौडबंगाल

‘आमचे तंत्रज्ञान ९० टक्क्यांहून अधिक अचूकतेने ताण ओळखते’ असे दावे वाचले, की तो ताण कुठून आणला होता, हे विचारावे. प्रयोगशाळांत तो बहुतेकदा एका ठरलेल्या नाटकातून येतो. जर्मनीत १९९३ मध्ये तयार झालेल्या ‘ट्रियर सोशल स्ट्रेस टेस्ट’मध्ये चेहऱ्यावरची रेषही न हलवणाऱ्या परीक्षकांसमोर पाच मिनिटे बोलायचे असते. मग १०२२ मधून १३-१३ वजा करत जायचे, चुकले की पुन्हा पहिल्यापासून. तोंडी परीक्षेला बसलेल्या कुणालाही हे वाचूनच पोटात गोळा येईल. ताण पक्का निर्माण होतो, यात शंका नाही.

या क्षेत्रात सर्वाधिक वापरला जाणारा ‘वेसॅड’ हा माहितीसंच २०१८ मध्ये खुला झाला, तो याच चाचणीवर आधारलेला आहे. त्यातली माणसे किती? १५. त्यापैकी १२ पुरुष, सरासरी वय साडेसत्तावीस. ताण आहे की नाही, एवढेच ओळखायचे असताना त्यावर ९३ टक्के अचूकता मिळाली. ताण, करमणूक आणि सामान्य स्थिती असे तीन पर्याय दिल्यावर ती ८० टक्क्यांवर आली. म्हणजे विनोदी चित्रफीत पाहणाऱ्याला वेगळे काढायला सांगताच यंत्र डळमळले. पन्नाशीतली, रक्तदाबाची गोळी घेणारी, रजोनिवृत्तीच्या काळातून जाणारी स्त्री या संचात कुठेच नाही.

९३ टक्के हा आकडा खऱ्या दिवसात काय करेल, त्याचेही गणित मांडून पाहावे. जागेपणाची साधारण १००० मिनिटे धरू. त्यातली ५० खरोखर ताणाची, उरलेली ९५० साधी. दोन्हीकडे यंत्र ९३ टक्के बरोबर आहे असे मानले, तर ते ताणाची ४६-४७ मिनिटे पकडेल. पण साध्या ९५० मिनिटांपैकी ७ टक्क्यांना, म्हणजे ६६-६७ मिनिटांना, तेच यंत्र ताण म्हणेल. निम्म्याहून अधिक इशारे फुकटचे! यंत्र वाईट नसतानाही ही स्थिती. ताण विरळ असला की असेच होते. सरसकट सगळ्यांच्या तपासण्या करताना डॉक्टरांनाही हाच पेच पडतो.

याचा अर्थ प्रयोगशाळेबाहेर कधीच यश आले नाही, असा नव्हे. एमआयटीच्या जेनिफर हीली आणि रोझलिंड पिकार्ड यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बोस्टनच्या रस्त्यांवर गाडी चालवणाऱ्यांच्या नोंदी घेतल्या. विश्रांती, महामार्ग आणि शहरातली गर्दी या तीन पातळ्या ९७ टक्क्यांहून अधिक अचूकतेने वेगळ्या करता आल्या. पण तिथे माणूस एका जागी बसलेला होता, नीट चिकटवलेले इलेक्ट्रोड होते आणि मुख्य म्हणजे गाडी कुठे आहे हे ठाऊक होते. संदर्भ हातात असला की शरीराची भाषा वाचता येते. मनगटावरच्या घड्याळाजवळ नेमका संदर्भच नसतो.

श्वासाची पळवाट

घड्याळ थरथरले की ‘श्वास घ्या’ का म्हणते, त्यामागे ठोस शरीरशास्त्र आहे. मिनिटाला सुमारे सहा श्वास या लयीत श्वसन केले, की ठोक्यांचा हेलकावा मोठा होतो. इटलीतील लुचानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखवले, की लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना असो वा ‘ओम मणि पद्मे’ हा मंत्र, दोन्ही म्हणताना श्वास आपसूक मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयाच्या लयी त्याच्याशी जुळतात. पारायणाला बसणाऱ्या आजीबाईंना याचे नवल वाटणार नाही. लोणावळ्यात १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी तर क्ष-किरण आणि रक्तदाबमापक हाताशी घेऊन यौगिक क्रियांचे मोजमाप तेव्हाच सुरू केले होते.

मात्र इथेच एक पळवाट तयार होते. संथ श्वासाने एचआरव्ही वाढते, म्हणून स्कोअर सुधारतो. हप्ता थकलेलाच असतो, वरिष्ठ तेवढेच ओरडत असतात. दोन मिनिटे बरे वाटणे ही मोठी गोष्ट आहे, ती नाकारू नये. पण ‘ताण’ नावाचा आकडा खाली आला म्हणून ताण गेला, असे समजणे म्हणजे थर्मामीटर गार पाण्यात बुडवून ताप उतरवणे.

उपयोग मग कुठे?

या सेन्सरचे खरे काम दुसरीकडे चांगले चालले आहे, आणि त्याची जाहिरात मात्र कमी होते. स्टॅनफर्डचे जनुकशास्त्रज्ञ मायकेल स्नायडर नॉर्वेच्या विमानात होते, तेव्हा त्यांच्या अंगावरच्या उपकरणांत हृदयगती आणि रक्तातला ऑक्सिजन नेहमीपेक्षा वेगळे दिसले. नंतर त्यांना लाइम या आजाराचा संसर्ग झाल्याचे निष्पन्न झाले. त्यांच्या गटाने २०१७ मध्ये हे प्रसिद्ध केले. २०२० मध्ये त्याच गटाने तपासलेल्या ३२ करोनाबाधितांपैकी २६ जणांच्या घड्याळातील हृदयगती, पावले किंवा झोपेच्या नोंदींत बदल आढळले. इथे यशाचे रहस्य साधे आहे. उपकरण माणसाची तुलना त्याच्याच जुन्या नोंदींशी करते आणि ‘काहीतरी बदलले आहे’ एवढेच म्हणते. बदलाचे नाव ठेवायची घाई करत नाही. अपस्माराच्या मोठ्या झटक्याचा इशारा देणाऱ्या ‘एम्पॅटिका’च्या मनगटी पट्ट्याला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये मान्यता दिली. त्यातही त्वचेची वाहकता आणि हालचाल हेच मोजले जाते. पण तिथे शोधायची घटना ठरलेली आहे आणि ती घडली की नाही, हे तपासता येते.

पुढची पिढी घामातले रसायन वाचू पाहते आहे. कॅलटेकमधील वेई गाओ यांच्या गटाने २०२० मध्ये घामातले कॉर्टिसोल मोजणारा ग्राफीनचा सेन्सर सादर केला. कॉर्टिसोल मिळाले म्हणजे सुटलो, असे मात्र नाही. ते सकाळी उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात आपसूकच शिगेला पोहोचते आणि ताणाच्या प्रसंगानंतर वीसेक मिनिटांनी वाढते. मोजायला बसेपर्यंत भांडण मिटलेलेही असते.

आकडा कुणाच्या हाती जाणार?

आपल्या मनगटावरचा चुकीचा आकडा आपणच पाहत असू तर नुकसान बेताचे. तो दुसऱ्याच्या संगणकावर उमटू लागला की खेळ बदलतो. नागपूर महापालिकेने सफाई कर्मचाऱ्यांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली, चंदिगड आणि पंचकुलातही हा प्रयोग झाला. काही शहरांत कर्मचारी संघटना त्याविरोधात रस्त्यावर उतरल्या. त्या घड्याळांत तर फक्त ठिकाण कळत होते. उद्या त्यात ठोके आणि घाम आले, आणि ‘या कर्मचाऱ्याला ताण झेपत नाही’ असा शेरा आपोआप उमटू लागला, तर? पावले मोजून हप्त्यात सवलत देणाऱ्या आरोग्य विमा योजना भारतात आहेतच. तिथून ताणाच्या आकड्यापर्यंतचा रस्ता फार लांब नाही.

युरोपीय संघाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कायद्यात यावर भूमिका घेतली आहे. कामाच्या ठिकाणी आणि शाळा-महाविद्यालयांत शरीराच्या संकेतांवरून भावना ओळखणाऱ्या यंत्रणांवर २ फेब्रुवारी २०२५ पासून तेथे बंदी आहे. वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणे त्यातून वगळली आहेत. वेदना आणि थकवा यांना तो कायदा ‘भावना’ मानत नाही. मग ताण कशात बसतो, भावनेत की थकव्यात? शब्दाचा जो घोळ १९३६ पासून चालत आला, तो आता वकिलांच्या कामी येईल.

भारतातली स्थिती अधिक मोकळीढाकळी आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०११ च्या नियमांत शारीरिक, शरीरक्रियात्मक आणि मानसिक आरोग्याची माहिती ‘संवेदनशील’ म्हणून वेगळी काढली होती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अशी वेगळी वर्गवारीच ठेवलेली नाही. ठोक्यांची नोंद आणि पिन कोड एकाच पंगतीत. शिवाय त्याच कायद्याचे कलम ७ ‘नोकरीच्या प्रयोजनासाठी’ किंवा मालकाचे नुकसान टाळण्यासाठी माहिती वापरायला काही बाबतीत संमतीची गरज ठेवत नाही. औद्योगिक हेरगिरी रोखणे, व्यापारी गुपिते जपणे ही तिथली उदाहरणे आहेत, पण शब्दरचना ऐसपैस आहे. कर्मचाऱ्याच्या शरीरातून येणारे संकेत या कलमातून स्पष्टपणे बाहेर काढायला हवेत, आणि ते एखादा खटला उभा राहण्याआधी व्हायला हवे. मान हलवल्याशिवाय नोकरी टिकत नाही अशा ठिकाणी घेतलेल्या संमतीला फारसा अर्थ उरत नाही.

घड्याळ काढून ठेवायचे का?

तशी गरज नाही. दिवसभरातला स्ट्रेस स्कोअर दुर्लक्षिला तरी चालेल, त्याच्या सूचना तर बंदच कराव्यात. त्याऐवजी झोपेतली हृदयगती आणि रात्रीची एचआरव्ही हे दोन आकडे पाहावेत. हात स्थिर असतो, घाम कमी असतो, म्हणून ते अधिक विश्वासार्ह. तेही एका रात्रीचे नको, तीन-चार आठवड्यांचे आणि स्वतःचेच. नवऱ्याची ७० आणि बायकोची ३५ यावरून कोण अधिक सुखी, हे ठरत नाही. आठवडाभर रात्रीची हृदयगती नेहमीपेक्षा वर राहिली तर झोप, दारू, ताप, औषधातला बदल, कामाचा बोजा या क्रमाने कारण शोधावे. डॉक्टरांकडे जाताना स्क्रीनशॉटसोबत त्या दिवसांत काय घडले होते, याची दोन ओळींची नोंद न्यावी. त्या दोन ओळींशिवाय आलेखातून त्यांनाही फारसे काही काढता येणार नाही.

आणि घड्याळ हिरवे-निळे दाखवत असतानाही मन थाऱ्यावर नसेल, झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर मनावर विश्वास ठेवावा. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत मदतवाहिनी २०२२ पासून चोवीस तास सुरू आहे, मराठीतही बोलता येते. क्रमांक १४४१६.